पावणेदोन फूट

ता. ३ मे

धाकट्या,

वर आशीर्वाद लिहायचा राहिला असं समजू नकोस. मुद्दाम लिहिलेला नाही. अकरा वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणजे ताई पाघळली, असंही समजू नकोस.

तुझा पत्ता कुठून मिळाला ते आधी सांगते. माझ्या लेकीच्या ट्रंकेत, शाळेच्या जुन्या स्वेटरच्या बाहीत, तुझी सात पत्रं सापडली. बाहीत! लपवाछपवीची ही अक्कल तिला मामाकडूनच आलेली असणार. मी विचारलं तर उलट मलाच म्हणते, "वाचलीस ना सगळी? मग त्यात वाईट काय लिहिलंय ते दाखव."

वाचली. सातही वाचली, दोनदा वाचली. अभ्यास कर, डोळ्यांना जप, आईला उलट बोलू नकोस. एकाही पत्रात त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. माणूस इतकं सरळ लिहायला लागला की माझ्या मनात पाल चुकचुकते.

तर दोन प्रश्न आहेत. पोरीला पत्रं लिहिणं कधी थांबवतोस? आणि ती मोजणीवाली बाई तूच पाठवलीस का?

कोण बाई, म्हणून साळसूदपणे विचारू नकोस. पुलाच्या खात्याची आहे. गेल्या आठवड्यात जीप, तंबू आणि लांबलचक लोखंडी नळ्या घेऊन आली. तिशीची असेल, उन्हाने नाक सोललेलं, बोलते कमी आणि बघते फार. नदीवर पूल करायचा आहे म्हणे. बरं, करा. पण आल्या आल्या ती गेली कुठे, तर थेट जुन्या उतारावर, जिथून पूर्वी गाड्या नदी ओलांडायच्या तिथे! तिथे आता आहे काय? तुझ्या त्या पुरात नदीने कूस बदलली ती बदललीच. पाणी आता पलीकडच्या काठाने जातं, नवा उतार तिकडे दोनशे पावलांवर झाला, फाटक आणि नवी पट्टीही तिकडेच. जुन्या उतारावर अकरा वर्षांत थेंब आलेला नाही. नुसती वाळू, आणि काठावरच्या खडकाला ठोकलेली तुझी ती रंग उडालेली मोजपट्टी. मग हिला नेमकं तिथेच का खणायचंय? कुठेतरी पाणी मुरतंय.

उत्तर धाड. खरं धाड.

ताई


ता. ११ मे

धाकट्या,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. गप्प बसायची तुझी जुनीच खोड आहे. तेव्हाही असाच बसला होतास.

मी हे पत्र तुझ्याच टेबलावर लिहिते आहे. तुला काढल्यावर ही जागा मला दिली, ते तुला ठाऊक असेलच, तुझी भाची कळवत असेल. खुर्चीचा डावा पाय अजून डुगडुगतो, खाली पत्र्याची चकती घातली आहे. रोज सकाळी सहाला पट्टीपाशी जायचं आणि वहीत शून्य लिहायचं. वर्षात तीनशे पन्नास दिवस शून्य. नदी कोरडी आहे एवढं सांगायला सरकारला माणूस लागतो, यावर तुझ्याआधी याच खुर्चीत बसणारे आपले आप्पाही हसायचे. पण आप्पाच म्हणायचे, बाकीच्या पंधरा दिवसांसाठी आपण आहोत.

काल ती बाई ऑफिसात आली आणि जुन्या वह्या मागितल्या. मी दिल्या नसत्या, पण तिच्याकडे खात्याचा कागद होता. तिने बरोबर ते वर्ष काढलं. पान उघडलं. तुझी शेवटची नोंद, तुझं ते चेंगरलेलं अक्षर. दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, पाणी पावणेदोन फूट. आणि शेजारी लाल शाईने लिहिलेलं, 'खोटी नोंद.'

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं.

"चौकशीवाल्यांनी," मी म्हणाले.

मग तिने मला समोर बसवलं, माझ्याच ऑफिसात, आणि समजावून सांगितलं. म्हणे ही नोंद खरी असेल तर एवढ्याशा पाण्यात जीप बुडाली कशी, हे शोधलं पाहिजे, आणि मग पुलाचे पाय फार खोल न्यावे लागतील. नोंद खोटी असेल, म्हणजे पाणी मुळातच जास्त होतं आणि तू कमी लिहिलंस असं असेल, तर साधे पाय पुरतात. "फाइलमध्ये साक्ष एकट्या तुमचीच आहे," म्हणाली. "तुम्ही सांगाल त्यावर आहे."

मी सांगितलं, नोंद खोटीच आहे. आणखी काय सांगणार? दोन फुटांच्या आत पाणी असेल तर फाटक उघडायचं, हा नियम. तू पावणेदोन लिहिलंस, फाटक उघडलंस, आणि यांनी टपालाची जीप पाण्यात घातली. मधोमध गेल्यावर जीपचं नाक खाली गेलं आणि ती दिसेनाशी झाली. हे तिसऱ्या दिवशी सापडले, चार मैल खाली. दुसऱ्या दिवशी साहेब लोकांनी उतारावर बांबू रोवून पाहिला होता. वाळू जागच्या जागी, ताटासारखी सपाट. खड्डा नाही, काही नाही. दोन फूट पाण्यात जीप बुडत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे पाणी जास्त होतं आणि तू पट्टीपाशी गेलाच नाहीस. खोलीत बसून आकडा ठोकलास. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. साक्षीत तेच सांगितलं. आणि तू त्यावर एक शब्द बोलला नाहीस. खरा माणूस असा गप्प बसतो?

आणि हो, त्याच उन्हाळ्यात विहिरीच्या पोहऱ्याची साखळी चोरून विकलीस, तेही मी विसरलेली नाही. नऊ फुटांची साखळी होती. एका कडीला आप्पांनी तांब्याची तार गुंडाळली होती. त्यानंतर वर्षभर मी दोराने हात सोलून घेतले.

ताई


ता. १९ मे

धाकट्या,

तुझं पत्र पोहोचलं. त्याला पत्र म्हणायचं तर! अकरा वर्षांनी बहिणीला लिहितोस आणि दीड ओळ? "ताई, मी कुणालाही पाठवलेलं नाही. साखळी सापडली तर ओढू देऊ नकोस, आहे तशी मोजायला सांग."

म्हणजे साखळी तूच नेलीस! बघ, शेवटी तुझ्याच तोंडून बाहेर पडलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

पण सापडली तर म्हणजे कुठे सापडली तर? आणि मोजायची कशाला? हे वाचल्यापासून माझ्या डोक्याचा भुगा झाला आहे. त्या उन्हाळ्यात तू आठवडाभर उतारावर खड्डा खणत होतास. मी विचारलं तर म्हणालास, झरा लागतो का बघतोय. मला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं. भर काहिलीत नदीत झरा शोधणारा तू नव्हेस, घरातला माठ भरायचा तुला कंटाळा. मला वाटलं होतं, काहीतरी पुरून ठेवतोयस.

आता तुझ्या लाडक्या भाचीने तो खड्डा कुठे होता ते त्या बाईला दाखवलं. आठ वर्षांची होती तेव्हा, पण म्हणते, मला मामा दगड मोजायला बसवायचा, जागा बरोबर आठवते. दोघी मिळून खणणार आहेत. मी सांगितलं, माझ्याशिवाय फावडं लावायचं नाही. छत्री घेऊन खड्ड्याच्या काठावर बसणार आहे. जे काय निघायचं ते माझ्यासमोर निघू दे, नाहीतर उद्या म्हणाल ताईने लपवलं.

त्या दिवशी फाटकाशी तू यांना काय म्हणालास ते मला आता नीट आठवत नाही. आठवायची गरजही नाही.

ताई


ता. २४ मे

धाकट्या,

साखळी निघाली.

मी आहे तसं लिहिते, तू तुझं ठरव. पहिले दोन दिवस नुसती वाळू. फळ्या लावून खड्डा धरून ठेवावा लागतो, नाहीतर बाजू ढासळते. वर एक जाड पापडी होती, सुकलेल्या चिखलाची, तडकलेली. ती त्या बाईने फार जपून कापली. त्याखाली बारीक वाळू, मग जाड, मग खडे. मी वरून विचारत होते, लागलं का काही? आणि मनात म्हणत होते, काही न लागो.

काल दुपारी सहा फुटांवर पोरगी ओरडली. मी छत्री टाकून शिडीने खाली उतरले, या गुडघ्यांनी. साखळी आडवी पडली होती. पाण्याच्या वाटेने, खालच्या अंगाला, सरळ पसरलेली. आणि एका जागी कोपरातून हात वाकवावा तशी वाकून तिथून खाली, उभीच्या उभी वाळूत गेलेली. वाकल्या जागेपासून तिसऱ्या कडीला तांब्याची तार. हिरवी पडली आहे, पण आप्पांचीच गाठ. मी बोटाने चाचपली.

"ओढू नका," मी म्हणाले. तुझं ऐकलं म्हणून नव्हे. तोंडातून निघून गेलं.

ती बाई खड्ड्यात मटकन खालीच बसली. म्हणाली, "तुमच्या भावाने ही साखळी उभी पुरली होती. खाली दगड बांधून, वरचं टोक वाळूबरोबर. पुरात वाळू जितकी खोल वाहून जाईल, तितकी साखळी मोकळी होऊन आडवी पडेल. पूर ओसरला की नवी वाळू येऊन वर बसते आणि सगळं पुन्हा सपाट दिसतं. पण साखळी आडवीच राहते." मग तिने आडवी पडलेली साखळी नळीने मोजली. सहा फूट. म्हणजे पट्टीवर पावणेदोन फूट होतं आणि मधोमध पाणी पावणेआठ फूट होतं, असं ती म्हणते. जीपखालची जमीनच पाण्याबरोबर चालली होती, आणि काठावरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

मी लगेच मान डोलावली असं समजू नकोस. मी विचारलं, "कशावरून? त्याने नंतर येऊन पुरली असेल. चोर आहे तो, साखळीचा तर आहेच." तिने मला पापडीचा कापलेला काठ दाखवला. तो चिखल त्या शेवटच्या पुराचा, त्यावर पाणी पुन्हा आलं नाही आणि तो फोडून कुणी खाली गेलेलं नाही. सगळे थर एकावर एक, रचलेल्या चादरींसारखे. मी एकेक थर बोटाने तपासला. चूक सापडली नाही.

तरी मला पटलेलं नाही. ही बाई आज आली, उद्या जाईल. मी जन्मभर या नदीकाठी आहे. सहा फूट वाळू उठून चालायला लागते आणि संध्याकाळी गुपचूप परत येऊन झोपते, हे मला कधी दिसलं नाही? तुझ्याआधी आप्पांना दिसलं नाही?

तिने विचारलं, "तुम्ही त्यांना पट्टीपाशी न जाताना पाहिलं होतं ना, नक्की?" मी हो म्हणाले. धुणं वाळत घालताना पाठ नदीकडे होते, दोरी तशी आहे, हे तिच्या लक्षात आलं की काय देव जाणे. जाताना ती दोरीकडे बघत होती.

ताई


ता. २ जून

धाकट्या,

काल पूर आला.

आभाळ लख्ख होतं. इथे ढगाचा तुकडा नाही. दुपारी चारच्या सुमाराला वरून गार वारा सुटला, ओल्या मातीचा वास आला आणि मी वही घेऊन नव्या उताराकडे पळाले. डोंगरात कुठेतरी पडला असणार. आधी आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा करतात तसा. मग वळणावरून ती तपकिरी जीभ आली, पुढे काटक्या, लेंड्या, फेस. माणूस भरभर चालेल इतक्याच वेगाने. बघता बघता नदी भरली.

मी फाटक पाडलं. अर्ध्या तासात पाणी उतरत उतरत पट्टीवर दीड फुटावर आलं आणि तिथेच थांबलं. काठावर चार गाड्या उभ्या. एक ट्रकवाला उतरून आला. "बाई, दीड फूट आहे, मलाही वाचता येतं! दोनच्या आत आहे, उघडा फाटक!"

नियमाने उघडायला हवं होतं. माझा हात दोरावर होता. पाणी शांत दिसत होतं, लहान मूल खेळेल असं. मी त्या मोजणीवालीला हाक मारली. म्हटलं, आण तुझी ती नळी, पंधरा फुटांची, फुटाफुटावर लाल पट्ट्यांची. सकाळीच आम्ही ती कोरड्या वाळूत खुपसून पाहिली होती. सगळा जोर लावूनही वीतभर आत गेली नव्हती. आता पट्टीच्या खडकावर उभं राहून आम्ही दोघींनी ती तिथेच पाण्यात सोडली. तळ लागेल म्हणून मी हात घट्ट केले. तळ लागेना. दोन पट्ट्या गेल्या. चार गेल्या. मला वाटलं, नळी तिरकी झाली. पुन्हा वर ओढून पुन्हा सोडली. सहा गेल्या. सातवी गेली, आणि आठवी अर्धी गेल्यावर खाली काहीतरी खरखरलं. नळी हातात थरथरत होती. खालून खडे धावत होते, ते मला तळव्यांत कळत होतं.

आणि पट्टीवर दीड फूट. दीडच.

ट्रकवाला ओरडत होता. "नियम आहे की नाही?" मी म्हणाले, "नियम गेला खड्ड्यात. तासभर थांबा." आणि धाकट्या, माझ्याच तोंडून ते ऐकलं. मी तिथेच खडकावर बसले. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

आज सकाळी जाऊन पाहिलं. वाळू सपाट. ताटासारखी.


ता. ५ जून

चिरंजीव धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

आता खरं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात वाच.

तू पट्टीपाशी गेलास की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. माझी पाठ होती. चौकशीत जे सांगितलं ते मनाने सांगितलं. 'खोटी नोंद' हे लाल शाईने मी लिहिलं, तुझी खुर्ची मिळाली त्याच आठवड्यात.

आणि फाटकाशी तू काय म्हणालास ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. तू म्हणालास, "भावोजी, पाणी नियमात आहे, पण मला वाळूचा भरवसा वाटत नाही. तासभर थांबा." हे माझ्याकडे वळले. आमचं सकाळपासून वाजलं होतं, कशावरून ते आता आठवतही नाही. मला विचारलं, "थांबू का ग?" आणि मी ओल्या चादरीमागून म्हणाले, "पावणेदोन फुटांत बुडायला तुम्ही काय मुंगी आहात? जा एकदाचे, माझं डोकं खाऊ नका." हे हसले. तुला म्हणाले, "उघड रे, हुकूम आलाय." मग तू दोर ओढलास.

तू ऐकलं होतंस. चार पावलांवर होतास. चौकशीत एवढं जरी म्हणाला असतास, की मी थांबा म्हणालो होतो आणि ताईने जा म्हटलं, तरी तुझी नोकरी वाचली असती. गाव तुझ्यावर थुंकलं नसतं. तू फक्त म्हणालास, "पाणी पावणेदोन होतं, नोंद खरी आहे." आणि गप्प बसलास. साखळीचं नावही काढलं नाहीस, कारण नोंद खरी ठरली असती तर भावोजींना जा कुणी म्हटलं, हे विचारलं गेलं असतं. मी म्हणत राहिले, बघा, गप्प आहे, म्हणजे चोर आहे. अकरा वर्षं तुझ्या गप्प बसण्यावर संशय घेत राहिले, कारण ते माझ्यासाठी होतं हे मान्य केलं असतं तर मी जगले नसते. पोरीच्या सात पत्रांतही तू ते लिहिलं नाहीस. मी दोनदा वाचली ती तेच शोधायला. तू सांगितलंस की काय, या भीतीने.

काल पोरीला मी सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मामाला माहीत होतं?" मी हो म्हणाले. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बोलेल किंवा नाही बोलणार.

नवा जबाब लिहून दिला आहे, चार पानं, साक्षीदार म्हणून त्या बाईची सही आहे. खोटी साक्ष दिल्याबद्दल वरून काय यायचं ते येईल. खुर्ची तर जाईलच, ती माझी नव्हतीच. वहीतलं लाल खोडलं आणि खाली लिहिलं, 'नोंद खरी,' आणि माझं नाव, तारीख. पुलाचे पाय पंधरा फूट खाली जाणार आहेत. दोन फुटांचा नियम खात्याने काल रद्द केला. आता वाहतं पाणी दिसलं की फाटक बंद, मग पट्टीवर चार बोटं का असेनात. तुझ्या साखळीवरून. ती मी घासून ठेवली आहे. तांब्याची तार नाही काढली.

माफ कर असं लिहीत नाही. तसं लिहिलं की तुला लगेच 'नाही ग ताई' म्हणावं लागेल, आणि तू म्हणशील, मला ठाऊक आहे. नको म्हणूस इतक्यात.

पण ये. मी बोलावते आहे असं नीट वाच. आणि येशील तेव्हा नदीला पाणी असेल, तर पट्टीवर काहीही दिसू दे, कुणी काहीही म्हणू दे, पलीकडेच थांब. तासभर थांब, दिवसभर थांब. मी अलीकडच्या काठावर उभी राहून तुला थांबच म्हणत असेन.

तुझी,
ताई